अठ्ठेचाळीस तास

चारशे नव्याण्णव.
एक रुपया कमी ठेवलाय, म्हणजे आपल्याला वाटावं
पाचशे गेलेच नाहीत.
बावीस वर्षं सहकारी बँकेत काउंटरमागे बसलेय,
मला नका सांगू.

एक पिक्चर, घरबसल्या, भाड्याने,
थेटरातून अजून उतरलेला नाही असा.
प्ले दाबलं की अठ्ठेचाळीस तास,
मग तो आपला नाही.

लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे हिशेब मांडला.
चार तिकिटं, दोनशे ऐंशीने.
त्या लाह्या, ज्यांना लाह्या म्हटलं
तर काउंटरवरचा मुलगा दुखावतो.
बिबवेवाडीतून जायची-यायची रिक्षा,
आणि स्वारगेटला अडकलो तर मीटर आपला पडतोच.
घर जिंकत होतं.

तेवढ्यात जिन्यात टेंबे भेटले, तिसरा मजला.
"महिनाभर थांबा की. वर्गणीत येतो. फुकट.
मी आंबासुद्धा जूनमध्येच खातो."
तसं त्यांचं चूक नाही.
जूनचा आंबाही आंबाच.
फक्त तोवर सगळ्यांचं बोलून झालेलं असतं.

पण तळमजल्यावरच्या खळदकरकाकांना
महिनाभर थांबा कसं म्हणायचं?
डावा डोळा काचबिंदूने नेला,
उजव्याची तारीख डॉक्टर सांगत नाहीत.

काका एकतीस वर्षं डोअरकीपर होते,
कॅम्पातल्या एका थेटरात.
आता तिथे गाद्या विकतात.
"पिक्चर सगळे पाहिले," ते म्हणाले होते एकदा,
"सुरुवात सोडून.
पहिली दहा मिनिटं बॅटरी धरण्यात जायची.
लोक उशिराच येतात.
कोण कुणाचा भाऊ, ते आपण अंदाजाने."

शनिवारी आठ चाळीसला लावला.
दिवाणावर, खुर्च्यांत, चटईवर मिळून अकरा जण,
परातीत भडंग.
टेंबे दारात उभे. बसले नाहीत,
बसलं की वाटा द्यावा लागतो.

नावं सुरू झाली आणि बेल वाजली.
बागवानभाभी, दोन्ही पोरं, हातात शीरखुर्म्याचा डबा.
काका उठले.
कुणी सांगितलं नव्हतं.
मोबाइलची बॅटरी लावून उजेड खाली, पावलांपुढे धरला:
"या, सांभाळून. मधल्या तीन रिकाम्या आहेत."
आणि खरंच वाटलं, आमच्या हॉलला उतार आहे,
चटई म्हणजे पुढची रांग,
फ्रिजच्या वर कुठेतरी लाल अक्षरांत
बाहेर जाण्याचा मार्ग.

सगळे बसले तेव्हा
पडद्यावरच्या दोन भावांचं भांडण होऊनही गेलं होतं.
काका म्हणाले, "असू दे, कळेल पुढे."

ओजसने रिमोट उचलला.
"काका, पहिल्यापासून."
"असं करता येतं?"
"चारशे नव्याण्णव दिलेत."

मग त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचलं,
उजवा डोळा बारीक करून.
प्रकाशयोजना साहाय्यक. कपडेपट. जेवणव्यवस्था.
आम्ही कुणी हूं की चूं केलं नाही.
मधेच त्यांनी विचारलं, "इंटरव्हल?"
तेव्हा पिक्चर थांबवून चहा टाकला.

पिक्चर? बरा होता. डोंगर फार.

रविवारी सकाळी सातला बेल.
काका, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून.
"अजून चालू आहे ना तो?
पूर्ण नको. दहाच मिनिटं."
सोमवारीही आले, संध्याकाळी, आठ वाजून वीस मिनिटांनी,
ऐनवेळी धावत येणाऱ्या माणसासारखे,
आणि दारात चप्पल काढताना क्षणभर थबकले,
जणू कुणी बॅटरी दाखवेल.
मी दाखवली.

मंगळवारी टेंब्यांनी जिन्यात गाठलं.
"काय, वसूल झाले का?"
मी म्हटलं, सुरुवात चार वेळा पाहिली.
शेवट मला अजून नीटसा आठवत नाही.
आणि तुमचे पंचेचाळीस रुपये यायचेत.